ओल्या लंगोटांचा हिशेब

सहाव्या दिवशी सकाळी लेकीच्या लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. आईला हाक मारली. तिने लंगोट दारात नेऊन उजेडाला धरला, बोटाने घासून पाहिला आणि शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. काकू म्हणाल्या, "पोरीची जात हाय माय, पहिल्या आठवड्यात जाते कधी कधी थोडंसं रगत." आजी बाजेच्या पायथ्याशी बसली होती. ती म्हणाली, "उष्णता हाय ते. एवढ्या तपनात लेकराले पाण्याचा थेंब नाही दिला तुम्ही. पाणी पाजा."

तिघीही जीव तोडून माझं करत होत्या. तरी तो डाग कशाचा हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कळायला आणखी एक दिवस गेला. त्या एका दिवसाची हळहळ मला अजून आहे.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात आले होते. १९ मे रोजी लेक झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरात एकच कूलर, आणि लाईन गेली की तोही मुका. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला.

जिथे बाळंत झाले तिथे लेकीला पुसून, दुपट्यात गुंडाळून बाहेर नेलं आणि ती माझ्या कुशीत यायला दोन तास गेले. पहिल्या तासात छातीशी लावायचं असतं, तेव्हाचं पिवळसर चिकाचं दूध हे बाळाचं पहिलं औषधच असतं, हे मी गरोदरपणात अंगणवाडीत ऐकलं होतं. पण टाके पडत असताना मागायला तोंड उघडलं नाही. त्या दोन तासांत आजीने तिला मधाचं बोट चाटवलं होतं. आमच्या घरात चार पिढ्यांना चाटवलंय. मधात असे जंतू असू शकतात की वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगातलं बळ लुळं पडतं, म्हणून वर्षभर मध द्यायचाच नसतो, हे मला नंतर कळलं. लेकीला काही झालं नाही. तरी त्यानंतरचे कितीतरी दिवस मी तिची मूठ बोटाने उघडून पाहायचे, आवळते की नाही म्हणून.

"पाज तिले," सगळे म्हणायचे. कसं धरायचं, कसं पाजायचं, हे मात्र कुणी दाखवलं नाही. बाईला ते आपोआप येतं असं सगळ्यांनी धरलेलं होतं. मीही तसंच धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी आले. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. हात वर करवेना, अंगात कणकण. लेक तोंडात घ्यायची ती फक्त टोक. वरून कडक झालेली छाती तिच्या तोंडात मावायचीच नाही. ती ओढायची आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दोन्हीकडे भेगा पडल्या, एकीतून रक्त आलं. पाच मिनिटं ओढून ती थकून झोपायची, मी दुसरीकडे लावायचे, तिथे दोन मिनिटं, पुन्हा झोप. वीस मिनिटांत पुन्हा रडणं. पाजायची वेळ जवळ आली की माझ्या घशाला कोरड पडायची. पोटच्या लेकराच्या रडण्याची भीती वाटते हे कुणाला सांगणार?

त्यात माझ्यावर बाळंतिणीचे नेम. पाणी कमी प्यायचं, नाही तर पोट सुटतं. तुरीचं वरण नको, लेकराला गॅस होतो. वांगं नको, मिरची नको, फळ नको. गरम भाकर, तूप, मेथीचे लाडू आणि खाटेखाली शेगडी, बाहेर ४५ डिग्री असताना. मी रात्री सगळे झोपल्यावर उठून माठातलं पाणी चोरून प्यायचे. माझ्या आईने तिच्या बाळंतपणात तेच सोसलं होतं, म्हणून तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तिचा राग मला कधीच आला नाही, पण ती तहान आठवली की अजून घसा सुकतो.

लेकीची शी पाचव्या दिवशीही हिरवट आणि अगदी थोडी होती. खरं तर पहिल्या दोन दिवसांची काळी डांबरासारखी शी जाऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी, दाणेदार व्हायला हवी. "दूध बाधते लेकराले," काकू म्हणाल्या. त्याच दिवशी भाऊ आम्हाला ऑटोने तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे पोट दाबून पाहिलं, गॅसचे थेंब लिहिले आणि दूध पुरत नसावं म्हणून पावडरचा डबा लिहून दिला. वजन केलं नाही. पाजताना पाहिलं नाही. किती वेळा लघवी होते हे विचारलं नाही.

ऑटोत मी डबा वाचत बसले. त्यावर लिहिलेलं होतं की आईचं दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम. कायद्यानेच ते छापावं लागतं, १९९२ चा कायदा आहे त्याचा. बाटल्या आणि पावडरीची जाहिरातही त्याच कायद्याने बंद आहे. ते वाचून मला रडू आलं, कारण डबा हातात होता आणि दूध माझ्या ब्लाउजमधून गळत होतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "उघडू का?" आमच्या गावात तेव्हा नळ चार दिवसांनी येत होता. ड्रमातलं पाणी, त्यात बाटली, त्यात हा उन्हाळा. मी म्हटलं, आजचा दिवस थांब. थांबायला माझ्याकडे कारण काय होतं? काहीच नाही. फक्त भीती होती, दोन्ही बाजूंची.

सातव्या दिवशी, २५ तारखेला, आशाताई आली. नवतपाचा पहिला दिवस. सकाळी आठलाच अंगण तापलं होतं. तिने पिशवीतून झोळीचा काटा काढला, लेकीला झोळीत घातलं. २ किलो ४००. तिसऱ्या दिवशी तिनेच केलेलं वजन २ किलो ५५० होतं. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत येतं. पण दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर थांबायचं नसतं. ती काही बोलली नाही. कार्डावर लिहिलं आणि विचारलं, "ताई, कालपासून लंगोट किती ओले झाले?"

मी आठवू लागले. तीन. कदाचित दोनच.

"सहा पाहिजेत," ती म्हणाली. "पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी." मग मी तिला तो विटकरी लंगोट दाखवला. आईने धुवायचा म्हणून मोरीत ठेवलेला होता. तिने तो पाहिला आणि लगेच १०२ ला फोन लावला. गाडीला पैसे पडत नाहीत, आजारी तान्ह्या बाळाला सरकारी गाडी फुकट नेते, हे बाबांना तिनेच समजावलं. बाबा तोवर खिसा चाचपत होते.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी आधी टाचेतून रक्त घेऊन साखर पाहिली, मग कपाळावर, छातीवर, पायावर कातडी दाबून कावीळ पाहिली. चेहऱ्यावर आणि छातीवर पिवळी झाक होती, तळवे बरे होते. ताप नव्हता. लंगोटाचा डाग पाहून ते म्हणाले, "हे रक्त नाही. लघवी घट्ट झाली की त्यातले क्षार असे विटकरी उतरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसलं तर काळजी नसते. सहाव्या दिवशी दिसलं म्हणजे बाळाच्या पोटात दूध कमी जातंय." काकूंचंही अगदीच खोटं नव्हतं. मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून किंचित रक्त जाऊ शकतं. हा डाग मात्र तो नव्हता.

"दूध कमी जातंय" आणि "दूध कमी आहे" यातला फरक मला तिथल्या सिस्टरने शिकवला. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "पाजून दाखव." सात दिवसांत असं म्हणणारी ती पहिली बाई.

मी दाखवलं. तिने अर्ध्या मिनिटात लेकीच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून तिला सोडवलं. "पाहा," म्हणाली, "टोक कसं चपटं, तिरपं झालंय. ती नुसतं टोक चावतेय. दूध टोकात नसतं, मागच्या काळ्या भागाच्या खाली असतं. तो भाग तोंडात गेला पाहिजे." तिने मला पाठ टेकून बसवलं, म्हणजे मी लेकीवर वाकणार नाही. डाव्या छातीला पाजायचं तर लेकीला उजव्या हातावर घ्यायला लावलं. तिचं पोट माझ्या पोटाला, तिचं डोकं आणि कंबर एका रेषेत, तिच्या कानामागे माझी बोटं, पण डोकं मागून ढकलायचं नाही. डाव्या हाताने छाती खालून धरून थोडी दाबायची, वडापाव खाताना दाबतो तशी, तिच्या ओठांना समांतर. टोक तिच्या नाकासमोर. वरच्या ओठाला टोक घासायचं आणि वाट पाहायची. "ती जांभई द्यावी तसं तोंड वासेपर्यंत घाई करायची नाही." तिसऱ्या वेळी लेकीने तेवढं तोंड उघडलं. सिस्टरने माझा हात पुढे लोटला आणि लेकीची हनुवटी आधी माझ्या छातीत रुतली.

दुखलं नाही. सुरुवातीला थोडं खेचल्यासारखं झालं, मग नाही. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले, काळा भाग वर थोडा दिसत होता, खाली नाही. आणि मग तो आवाज. ओढ, ओढ, घुटका. सात दिवसांत मी तिचा घुटका ऐकलाच नव्हता, आणि ऐकला नव्हता हेही मला कळलं नव्हतं. पाठीतून सरसरून काहीतरी उतरलं आणि दुसऱ्या छातीतून आपोआप धार लागली. आई पान्हा फुटणं म्हणते ते हेच असावं. मी हुंदके देऊन रडले. सिस्टरने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या बाईकडे गेली.

दोन रात्री तिथे राहिलो. दर दोन-अडीच तासांनी लेकीला उठवायचं, लंगोट सोडायचा, पायाच्या तळव्याला चोळायचं, पाजायचं. पाजून झालं की हाताने दूध स्टीलच्या उकळलेल्या वाटीत काढायचं आणि चमच्याने द्यायचं. पहिल्या रात्री वाटीत जेमतेम तळ झाकेल एवढंच आलं, म्हणून डॉक्टरांनी तीन वेळा पावडरचं दूधही मोजून चमच्याने दिलं. तेही सांगते, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्या रात्री तिला त्याची गरज होती. पावडर किती, केव्हा द्यायची आणि कधी थांबवायची हे वजन पाहून ठरवणारं माणूस समोर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाटी अर्धी भरू लागली आणि पावडर बंद झाली. बाटली आणलीच नाही.

दगड झालेल्या छातीचंही तिथेच सुटलं. पाजण्याआधी कोमट पाण्याचं फडकं, थोडं दूध हाताने काढून टोकामागचा भाग मऊ करायचा, मग लेक लावायची. पाजून झाल्यावर गार फडकं. आई माठाच्या पाण्यात पदर भिजवून ठेवायची, त्याने जो आराम पडायचा! भेगांना पाजून झाल्यावर उरलेल्या दुधाचाच थेंब लावून हवेवर सुकू द्यायचा. पकड बरोबर झाल्यावर चार-पाच दिवसांत त्या भरल्या. एका बाजूला लालसर, गरम गाठ होऊन थंडी-ताप आला तर पाजणं थांबवायचं नाही, पण त्याच दिवशी दाखवायला यायचं, असं सिस्टरने दोनदा बजावलं.

आणि पाण्याचं. आजीचा प्रश्न मी स्वतःच विचारला, कारण मलाही तो पटत होता. एवढ्या उन्हाळ्यात मोठी माणसं कासावीस होतात, मग त्या जिवाला पाणी नको? डॉक्टर म्हणाले, आईच्या दुधात शंभरात ८८ भाग पाणीच असतं. लेकराचं पोट मुठीएवढं. त्यात पाणी भरलं तर दुधाला जागा उरत नाही, वजन आणखी उतरतं, शिवाय पाण्यातून जुलाब. उन्हाळ्यात तिला पाणी नाही, जास्त वेळा छाती द्यायची. सहा महिने नुसतं दूध. "अन् पाणी कोणी प्यायचं? तुम्ही प्या," ते आईकडे पाहत म्हणाले. तहान लागेल तेवढं, आणि वरणही खायचं. आई त्या दिवशी गप्प होती. घरी आल्यावर तिने माझ्या बाजेजवळ पाण्याने भरलेला तांब्या ठेवला, झाकण घालून. शेगडी मोरीत गेली.

घरी आल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा मारायला लागले. ओला लंगोट एक रेघ, शी झाली की फुली. पहिल्या दिवशी पाच, मग सात, मग आठ. कुणी म्हणालं, "रडते वो लेकरू, दूध पुरत नसन," की मी कॅलेंडरकडे पाहायचे. मी ज्या ज्या बाईशी यावर बोलले तिने हे वाक्य ऐकलेलं आहे, आणि ते ऐकूनच निम्म्या घरांत बाटली येते असं माझं ठाम मत आहे. चौदाव्या दिवशी लेक २ किलो ६०० भरली, एकविसाव्या दिवशी २ किलो ८००.

मग पोटाचं प्रकरण सुरू झालं. दूध भरपूर येऊ लागलं तशी शी हिरवी, फेसाळ, फटकन् उडणारी झाली. पोटात गुडगुड, रडणं. मी अजूनही जुन्या सवयीने दर पाच मिनिटांनी बाजू बदलत होते. आशाताईने ते पकडलं. आधी येणारं दूध पातळ, गोड, शेवटचं घट्ट, सायीचं. दोन्हीकडचं पहिलंच भरलं की पोटात गोडच जास्त जातं आणि ते फसफसतं. एक बाजू तिने स्वतःहून सोडेपर्यंत पाजायची, मग ढेकर, मग हवं तर दुसरी. दोन दिवसांत शी पुन्हा हळदीसारखी झाली. दिवसाला सात-आठ वेळा, प्रत्येक पाजण्यामागे एक. "जुलाब लागले," काकू म्हणाल्या. पण आईच्या दुधावरच्या बाळाची शी पातळ आणि वारंवार असतेच. अचानक पाण्यासारखी झाली, रक्त किंवा आव दिसली, बाळ मलूल पडलं तर ते जुलाब.

दूध टाकणंही असंच. खांद्यावर दह्यासारखं ओघळलं की आजी हळहळायची. वजन वाढत होतं, लेक टाकून हसत होती, मग त्यात घाबरण्यासारखं नव्हतं. हिरवी उलटी, जोराने लांब उडणारी उलटी किंवा पोट फुगून कडक होणं, यातलं काहीही दिसलं की मात्र रात्र पाहायची नाही, दवाखाना गाठायचा, एवढं आशाताईने आईकडून पाठ करून घेतलं.

संध्याकाळी सहा ते नऊ ती रडायची. पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची. आजीने सहाण काढली. हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, सगळं डब्यात जपून ठेवलेलं. त्याच सहाणेवर माझी घुटी उगाळली होती. मला तिचं मन मोडायचं नव्हतं. पण सहाण धुवायचं पाणी कोणतं, जायफळाचा वळसा किती, हे मला कोण सांगणार? मी म्हटलं, "आजी, घुटी नको. तू तिला घे." आजीने तिला पालथं आपल्या हातावर घेतलं, पोटाखाली तळवा, आणि अंगणात कडुनिंबाखाली फेऱ्या मारल्या. लेक शांत झाली. त्यानंतर संध्याकाळचे तीन तास आजीचे ठरले. त्याच तासांत ती पुन्हा पुन्हा छाती मागायची, आणि मी देत राहायचे.

एकदा वजन करताना आशाताई सांगत होती, तिच्या या भेटी, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, ही पद्धत आपल्या विदर्भातूनच देशाला गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घ्यायला शिकवलं, बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि २०११ पासून देशभरात आशा हे काम करू लागल्या. मी झोळीत लटकलेल्या लेकीकडे पाहत होते. सातव्या दिवसाची ती भेट झाली नसती तर मी अजून किती दिवस पाण्याचा चमचा आणि डबा यांच्यात घुटमळले असते, या विचाराने अंगावर काटा आला.

मृगाचा पाऊस लांबला आणि पाचव्या आठवड्यात एकदम पडला. घरातली सगळी माणसं सरकी लावायला वावरात. मी आणि लेक घरी. आणि लेकीने शी करणं बंद केलं. एक दिवस, दोन, तीन. रोज सात-आठ वेळा करणारी पोर! काकू दारातून म्हणाल्या, "विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लाव, नाही तर एरंडेलचा थेंब दे." मी लेकीचं पोट चाचपलं. मऊ. गॅस सुटत होता. दूध नेहमीसारखं पीत होती. कॅलेंडरवर आठ रेघा. आशाताईला फोन केला. ती म्हणाली, महिन्याभरानंतर आईच्या दुधावरची बाळं चार-सहा दिवसही थांबतात, दूध सगळं जिरतं, उरतंच थोडं. पोट मऊ आहे, लघवी होतेय, पितेय, तर देठ नको अन् तेलही नको.

चौथा दिवसही कोरडा गेला. पाचव्या दिवशी संध्याकाळी आई वावरातून आली, हातपाय धुतले, गुडघ्यापर्यंत चिखलाचे डाग तसेच, आणि लेकीला मांडीवर घेतलं. लेक लाल झाली, कुंथली, आणि आईच्या लुगड्यावर, मांडीवर, पार चटईपर्यंत पिवळीधमक शी झाली. आई ओरडली, "अवो, या लवकर, झाली!" आजी बाहेरून धावत आली. काकू कुंपणापाशी आल्या. मी पेन्सिल घेऊन कॅलेंडरकडे गेले आणि एक मोठी फुली मारली.

बेचाळिसाव्या दिवशी ती ३ किलो ५०० भरली. आजीने झोळीतून काढून तिला हातावर पालथं घेतलं आणि अंगणात नेलं.